भागीरथाबाईचा एक तास

मी एमआरआयचा टेक्निशियन. अमरावतीत बावीस वर्षं झाली याच कामात, आणि या बावीस वर्षांत मी जेवढा ओरडलो तेवढा शाळेतला मास्तरही ओरडला नसेल. खोलीत लोखंड नेऊ नका, हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. तरी कोणाच्या खिशातून किल्ली निघते, कोणाच्या अंबाड्यातून आकडा, आणि एका काकांनी तर बंडीच्या आतून तीन सेफ्टी पिना लावल्या होत्या. त्या कशाला लागतात हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्यामुळे लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत बिचारे. ते मशीन म्हणजे खोलीएवढा लोहचुंबक आहे, आणि एखादी कात्री सुटली तर ती कोणाला ओळख दाखवायला थांबत नाही.

तर अशा मला पहिल्याच भेटीत, तोंडावर, चार माणसांसमोर 'चुकलं तुमचं' म्हणणारी एकच बाई भेटली. भातकुलीची भागीरथाबाई. इतवारा बाजारात भाजी विकते.

झालं असं की अकोल्याच्या डॉक्टर हर्षाचं एक संशोधन तेव्हा दर शनिवारी आमच्या सेंटरवर चालू होतं. ही हर्षा वयाने माझ्या पुतणीएवढी, पण डोकं भल्लं तेज. गुडघ्यात दोन हाडांच्या मधे कूर्चेची गादी असते. भार पडला की ती दबते, भार उतरला की हळूहळू पुन्हा भरते. पण एमआरआय तर आडव्या, स्वस्थ माणसाचा काढतात. मग कामाच्या वेळी ही गादी काय करते ते कळणार कसं? म्हणून हर्षाने एक लाकडी चौकट बनवून घेतली होती. माणूस मशीनमधे आडवा, तळपायाला फळी, फळीला दोर, दोर लाकडी चाकावरून खाली, आणि खाली वाळूच्या पिशव्या लटकवलेल्या. पिशव्यांनी फळी ओढली की निजलेल्या माणसाच्या गुडघ्यावर उभं राहिल्यासारखा भार येतो. सगळ्या चौकटीत एक खिळा नाही, लाकडाच्या खुंट्या आणि प्लॅस्टिकचे बोल्ट. आधी भाराविना फोटो, मग भार टाकून फोटो, आणि दोन्हींतला फरक मोजायचा. तिला जन्मभर खाली बसून काम करणाऱ्या बायांचे गुडघे पाहायचे होते. त्यात भागीरथाबाईचा नंबर सहावा.

पिशव्यांवर मी स्वतः चिठ्ठ्या लावल्या होत्या, पंधरा किलो, पंधरा किलो. भागीरथाबाई नाव नोंदवायला आली, नऊवारीचा काष्टा, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि नाव सांगायच्या आधीच तिने सहज एक पिशवी उचलली. हातावर जराशी झुलवली आणि खाली ठेवली.

"भाऊ, हे चवदा हाये," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजली आहे, चिठ्ठी वाचा. ती म्हणाली चिठ्ठी पंधराची असेल, पिशवी चौदाची आहे, चुकलं तुमचं. आता माझा पारा चढला. तिची जिरवायची म्हणून मी पिशवी काट्यावर टाकली. चौदा किलो शंभर ग्रॅम. खालची शिवण उसवली होती आणि चौकटीखाली वाळूचा छोटा ढीग झाला होता. हर्षा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला काही हसू आलं नाही. सुईदोरा आणून, सांडलेली वाळू परत भरून पिशवी भागीरथाबाईनेच शिवली, आणि तेही मला शिवता आलं नसतं एवढ्या बारीक टाक्याने.

तिचा नंबर यायला महिनाभर होता, तेवढ्यात मी दर बुधवारी इतवाऱ्यात जाऊन तिला पाहिलं. ती तराजू फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानाला ठेवते. हात घातला की अर्धा किलो म्हणजे अर्धा किलोच वर येतो. हातपंपाजवळ एक गोणपाटाचा बोरा अंथरलेला, त्यावर ती उकिडवी बसलेली, समोर मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, वांगी, दिवस असले तर तुरीच्या शेंगा, सगळं स्वतःच्या दीड एकरातलं. सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत. ही जागा तिच्या सासूची. सासू थकली तेव्हा तिला हात धरून तिथे बसवलं, त्याला छत्तीस वर्षं झाली. वय विचारलं तर म्हणते, आधार कार्डावर एकसष्ट आहे, पण ते शिबिरातल्या पोट्ट्याने अंदाजे टाकलं. गिऱ्हाइकांना नावाने ओळखते, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं भाजीवरून हेरते. मला म्हणाली, तुमी दर बुधवारी कारली नेता, तुमाले साखर हाये का? नाही, मला आवडतात, म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

पण ती आमच्याकडे काही फोटोच्या हौसेने आली नव्हती. दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा कुरकुरत होता. उठताना हातपंपाच्या दांड्याचा आधार घ्यावा लागायचा. तिचा एकुलता मुलगा किशोर मालवाहू ऑटो चालवतो. पहाटे तोच तिला आणि भाजीला बाजारात आणून सोडतो, दुपारी गाडी मागे लावून तिच्यातच ताडपत्रीखाली आडवा होतो, संध्याकाळी आईला घेऊन परत. पोरगा गुणाचा आहे, मी खोटं कशाला बोलू. आईला उठताना पाहून त्याचा जीव तुटायचा. त्याने धोशा लावला, जागा चंदाला देऊन टाक आणि घरी बस. चंदा म्हणजे तिच्या शेजारी लसूण-अद्रक घेऊन बसणारी. दोन महिने मायलेकांचं भांडण चाललं. मग हर्षा बाया शोधत बाजारात आली आणि भागीरथाबाईने तिथल्या तिथे पोराशी शर्त लावली. मशीन म्हणालं गुडघा संपला, तर मी जागेवरून उठीन. मशीन म्हणालं नाही संपला, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाही.

हे तिने मला तपासणीच्या दिवशी फॉर्म भरताना सांगितलं. सही म्हणून तिने सावकाश आपलं नाव काढलं, एकेक अक्षर, आणि मग विचारलं, "कसं निघन, भाऊ?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय ज्योतिषी आहे? ती म्हणाली घरी तिला सून ओट्याजवळ येऊ देत नाही, नातवंडं शाळेत, दिवस कसा जाणार. जागा गेली तर मी मरन नाई, म्हणाली, पन मले गमनार नाई. हे ती हसत म्हणाली नव्हती.

तपासणीआधी एक तास गुडघ्याला विसावा द्यावा लागतो, म्हणजे गादी पूर्ण भरते. बाजूच्या खोलीत पलंग होता. मी स्वतः स्वच्छ चादर घातली, उशी ठेवली, आणि ठणकावून सांगितलं: उभं राहायचं नाही, चालायचं नाही, तासभर. तिने शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं, उभं नाई राहाचं, चालाचं नाई. किशोर सोबत होता, त्यालाही सांगितलं. आणि मी माझ्या दुसऱ्या पेशंटांकडे गेलो.

तासाने आलो तर चादर चुरगळलेली होती, उशीला डोक्याचा खड्डा पडला होता, आणि भागीरथाबाई पलंगाच्या कडेवर बसून होती. किशोर तोंड धुवायला गेला होता. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी बाई ऐकते. तिला पाऊल टाकू द्यायचं नव्हतं म्हणून लोखंड नसलेल्या चाकाच्या खुर्चीतून नेली. ती लाजून तोंडावर पदर घेऊन बसली. बांगड्या काचेच्या, म्हणून राहू दिल्या. जोडवी काढून किशोरच्या हातात दिली.

आधी भाराविना फोटो झाले. मग दोन पिशव्या लटकवल्या. त्याआधी तिने निजल्या निजल्या हात लांब करून दोन्ही तोलल्या आणि मान हलवली, तेव्हा कुठे मी दोर सोडला. पुन्हा फोटो. बाहेर आली तेव्हा म्हणाली, गव्हाच्या मळणीयंत्रात डोकं घातल्यासारखं वाटलं.

मी पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मोजलं. फरक नाही. पुन्हा मोजलं. तीस किलो टाकूनही गादी केसभर दबली नव्हती. आधीच्या पाचही बायांची दबली होती. हर्षा आतल्या खोलीत कागद भरत होती. तेवढ्यात दारातून किशोरने विचारलं, काय निघालं? आता मी गप्प बसायला हवं होतं. माझं काम फोटो काढायचं, अर्थ सांगायचं नाही. पण बावीस वर्षांचा अनुभव नावाचा एक आजार असतो, तो मला होता. मी म्हटलं, आतली गादी हलूनच नाही राहिली, कडक झाली, संपलीच समज.

हर्षा धावत बाहेर आली. हा संशोधनाचा फोटो आहे, निदान नाही, अजून मी नीट पाहिलेला नाही, असं ती किशोरला सांगू लागली, आणि माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. पण शब्द निघून गेला होता. भागीरथाबाई चाकाच्या खुर्चीत बसून जोडवी घालत होती. तिने हर्षाकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "नक्की का, भाऊ?"

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली. मग किशोरला म्हणाली, "माहा शब्द हाये." पोरगा शर्त जिंकला होता, पण त्याचा चेहरा काही जिंकल्याचा नव्हता. तो उगाच खिशात गाडीची चावी शोधत राहिला, चावी हातातच होती.

बुधवारी मी बाजारात गेलो. हातपंपाजवळ चंदा होती. पण भागीरथाबाईचा बोरा तसाच मधे मोकळा होता, आणि चंदा त्याच्या बाजूला, अर्धी रस्त्यावर बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, तराजू देऊन गेली, बोरा देऊन गेली, पन तिच्या बोऱ्यावर मी नाई बसत. गिऱ्हाइकं येऊन विचारत होती, बाई कुठे? मी कारली न घेताच परत आलो.

गुरुवारी अकोल्याहून हर्षाचा फोन आला. ती म्हणाली, शेखरकाका, हे शक्य नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाची गादीसुद्धा थोडी तरी दबते, इथे फरक शून्य आहे. तुमचा पट्टा सैल राहिला असेल, भार पोचलाच नसेल. झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं मॅडम, पट्टा मी बांधला, दोर मी तपासला, पिशव्या त्या बाईने स्वतः तोलल्या. फोन ठेवला आणि जेवायला घरी गेलो तो फणफणतच.

माझी बायको शकुन. तिने सगळं ऐकून घेतलं, जेवू घातलं आणि म्हणाली, तुमचं डोकं तापलं आहे, पडा थोडे. मी दिवाणावर पडलो. ती माझ्या पायाशी खाली बसली, सूप पुढे घेतलं आणि तुरीच्या शेंगा सोलू लागली. मी म्हटलं, अगं, तू सकाळपासून उभी आहेस, तूही घे ना जरा विसावा.

"मी बसलीच तर हाये," ती म्हणाली.

मी मान वळवून पाहिलं. उकिडवी. दोन्ही गुडघे पुरते दुमडलेले, सगळ्या अंगाचा भार त्यांच्यावर, आणि हिच्या लेखी हे बसणं, हा विसावा. मी असा ताडकन उठलो की सूप उपडं झालं आणि दाणे घरभर गेले. शकुन काय बोलली ते इथे लिहीत नाही.

मोटारसायकल काढली आणि तडक भातकुली गाठली. भागीरथाबाई अंगणात होती. उकिडवीच बसलेली, पण हातात काही नव्हतं. मी तिला कधी रिकाम्या हातांनी पाहिलं नव्हतं. किशोर गाडी धूत होता. मी पाणीही न घेता विचारलं, मावशी, त्या दिवशी तासभर तुम्ही काय केलं?

तुम्ही सांगितलं तेच, ती म्हणाली. उभी नाही राहिली, चालली नाही. मी विचारलं, पलंगावर निजल्या होत्या ना? तिने किशोरकडे पाहिलं.

"पोट्टं चार वाजताचं उठेल होतं," ती म्हणाली. "त्याले म्हनलं, तू पड. मी खाली बसली."

कशी बसली, हे विचारायची गरजच नव्हती. माझ्यासमोर तशीच बसली होती. म्हणजे आम्ही जो खुर्चीतून अलगद, गुडघ्याला धक्का न लावता नेला, तो गुडघा आधीचा तासभर पुरता दाबून ठेवलेला होता. गादी पहिल्या फोटोच्या आधीच चेपली होती. चेपलेल्यावर आणखी तीस किलो टाकून काय दिसणार, कपाळ? मी तिला तिथेच हात जोडले. म्हटलं मावशी, मशीन खोटं नाही बोललं, मीच त्याला धड विचारलं नाही. पुन्हा एकदा या. किशोरच्या हातातल्या फडक्यातून पाणी पायावर गळत होतं, त्याचं लक्ष नव्हतं.

शनिवारी ती आली. या वेळी मी किशोरला बाहेर बसवलं आणि स्वतः दारात स्टूल टाकून पहारा केला. ती पलंगावर आडवी झाली आणि पहिला अर्धा तास तिने मला छळलं. हात स्वस्थ राहीनात. चादरीचे धागे उपटू लागली. विचारलं, भाऊ, निवडाले काही नाई का? नाही, म्हटलं. लोक पाहत असतील, म्हणाली. कोणी पाहत नाही, म्हटलं, डोळे मिटा. मग तिने डोळे मिटले.

"दिवसाढवळ्या मी किशोरच्या बाळंतपनात निजली होती," ती हळूच म्हणाली. "त्याच्यानंतर आजच."

आणि झोपली. चक्क घोरायला लागली. तास झाला तरी मला तिला उठवायचं धाडस होईना. हर्षा दारात येऊन उभी राहिली, तिनेही खुणेनेच सांगितलं, राहू द्या थोडं. बाहेर एक पेशंट नंबरावरून आवाज चढवत होता, त्याला मी असा काही झापला की तो माफी मागून बसला.

मग फोटो झाले. भाराविना, आणि भारासकट. या वेळी मी मोजलं आणि तोंड शिवून बसलो. हर्षाने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मायलेकांना आत बोलावलं. तिने काही लपवलं नाही. आतल्या बाजूने गादी झिजली आहे, वयाची आहे, कामाची आहे. दुखण्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दहा-दहा तास सलग असं बसणं बंद करा, खाली पाट घ्या, मधूनमधून पाय लांब करा, दुपारी तासभर आडव्या व्हा. पण संपलेली नाही. हे पाहा, विसाव्याने भरली, आणि हे पाहा, भाराने दबली. जिवंत गादी अशीच वागते.

भागीरथाबाईने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ घट्ट मिटले होते, पण डोळे भरून आले होते, आणि माझेही आले, आता लपवून काय करायचं. किशोर मात्र पडद्यावरच खिळला होता. त्याने विचारलं, भरायला किती वेळ लागला? तासभर, हर्षा म्हणाली.

"मी रोज दुपारी दोन घंटे गाडीत निजतो, मॅडम," किशोर म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"तुले गाडी चालवा लागते ना, बाप्पा," भागीरथाबाई लगेच म्हणाली. त्यावर तो खाली वाकला आणि जोडवी त्याने स्वतःच तिच्या बोटांत चढवली.

पुढच्या बुधवारी मुद्दाम दुपारीच बाजारात गेलो. हातपंपाजवळच्या बोऱ्यावर किशोर बसला होता. उकिडवा. दर मिनिटाला पाय बदलत होता, घाम फुटला होता, आणि शेजारून चंदा त्याची मजा घेत होती. मागे गाडी उभी होती. ताडपत्रीच्या सावलीत दोन भेगाळलेली पावलं बाहेर आली होती, बोटांत जोडवी, पाय सरळ लांब केलेले.

मी अर्धा किलो कारली मागितली. किशोरने घातली, तराजू उचलला, पारडं खणकलं. तो पिशवीत ओतणार तोच गाडीतून आवाज आला, डोळे मिटलेलेच.

"किशोर, एक कारलं टाक अजून."

त्याने पुन्हा तोलून पाहिलं. कमीच होतं. एक टाकलं तेव्हा काटा बरोबर आला. ती पारड्याच्या आवाजावरून ओळखते की काय, मला माहीत नाही, विचारायला गेलो असतो तर ती उठून बसली असती. मी पिशवी घेतली आणि घड्याळ पाहिलं. एक चाळीस. किशोरला खूण केली, आवाज हळू ठेव. तिची अजून वीस मिनिटं बाकी होती.